उचकी, डोळा आणि पाय : तीन दुखणी की एकच?

शेवंती | सोमवार, रात्री १०:५२

माझी धाकटी जाऊ, वय ३४. आम्ही कोल्हापूरला, ती आणि दीर मिरजेला. गेल्या दिवाळीत चकल्या तळताना तिला उचकी लागली, ती थांबेचना. पहिले दोन दिवस आम्ही हसत होतो. कोण एवढी आठवण काढतंय म्हणून घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन झाली, मग तिच्या माहेरच्यांची. तिसऱ्या दिवसापासून उलट्या सुरू झाल्या. पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरेना. असं एकोणीस दिवस चाललं. पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासलं, जठराला किंचित सूज आहे म्हणाले, ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. पुढे ते आपोआप थांबलं आणि आम्ही विसरून गेलो.

मे महिन्यात उजवा डोळा. फिरवला की दुखायचा. चार दिवसांत समोर धुकं आल्यासारखं झालं. तिने मला स्वयंपाकघरात उभं करून दाखवलं : तिखटाच्या बरणीचं लाल झाकण डाव्या डोळ्याला लालभडक, उजव्याला मात्र विटून गेल्यासारखं, विटकरी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नसेला सूज आहे म्हणून तीन दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिलं. नजर बरीच परत आली, पूर्ण नाही.

आता गेल्या बुधवारपासून पाय. सकाळी अंघोळीला गेली तर कढत पाणी पायांना कढत लागेना. संध्याकाळी छातीच्या खाली कुणी पट्टा आवळलाय असं वाटायला लागलं. रात्री लघवी अडली. शुक्रवारी एमआरआय झाला, त्यात मानेच्या खालपासून छातीपर्यंत मज्जारज्जूत लांबच लांब पांढरा पट्टा आहे, सहा मणक्यांएवढा. मेंदूचा एमआरआय जवळजवळ स्वच्छ. आधी पाहिलेले डॉक्टर एमएस म्हणाले, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जातंतूंवरच्या आवरणाचा आजार. आता जिथे ॲडमिट आहे तिथले म्हणतात एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, दृष्टीची नस आणि मज्जारज्जू यांना सूज आणणारा आजार) असू शकेल, रक्त पाठवलंय, रिपोर्टला आठवडा लागेल. स्टेरॉइड शनिवारी सुरू झालंय.

माझा प्रश्न साधा आहे. दिवाळीतली ती उचकी डॉक्टरांना सांगायची का? दीर म्हणतात, "पोटाचं जुनं प्रकरण कशाला उकरतेस वहिनी, डॉक्टर आधीच घाईत असतात." मला मात्र झोप लागत नाहीये.

तिठा | सोमवार, रात्री ११:०५

सांगा. काय कामाचं आणि काय बिनकामाचं ते डॉक्टरांना ठरवू दे.

आनंदी_आजी | सोमवार, रात्री ११:२०

अगं बाई, एकोणीस दिवस! आमच्या सासूबाई उचकीवर मोरपिसाची राख मधातून चाटवायच्या. आम्हा पोरांना तर "माझी अंगठी तूच चोरलीस" असं म्हणून दचकवायच्या, की उचकी गायब. पण एकोणीस दिवसांची उचकी मी आजवर ऐकली नाही. पोरीचे पाय लवकर हलू देत गं.

वर्धेची_लेक | मंगळवार, सकाळी ६:४८

शेवंतीताई, हे वाचून हातातला चहा गार झाला. मला एनएमओ आहे, आठ वर्षं झाली.

माझं डोळ्यापासून सुरू झालं. तेव्हा मी २७ वर्षांची होते, नुकतीच शाळेत नोकरीला लागले होते. आधी सायनस म्हणाले, मग नंबर वाढलाय म्हणाले. सहा महिन्यांनी कमरेखाली बधिर झाले तेव्हा एमआरआय झाला आणि एमएस हे नाव मिळालं. नाव मिळालं याचाच घरच्यांना केवढा आधार वाटला! एमएससाठी देतात ती इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू झाली. दिवसाआड. मी स्वतःच मांडीत टोचून घ्यायला शिकले. पाच महिन्यांत दोन झटके आले, दुसऱ्यात उजवा हातही गेला. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "एमएसमध्ये असं होतं, औषध चालू ठेवा."

मग त्या दवाखान्यात एक नवीन डॉक्टर आल्या. त्यांनी माझी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि पेनाच्या टोकाने मणके मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. "एमएसचा डाग सहसा एवढा लांब नसतो," म्हणाल्या आणि एनएमओ ओळखायची ॲक्वापोरिन-४ ही रक्तचाचणी लिहून दिली. पॉझिटिव्ह आली. इंजेक्शन त्याच दिवशी बंद.

त्या पाच महिन्यांचा राग मी बरीच वर्षं बाळगला. आता तो इथे उगाळत नाही. पण ज्यांना एमएस हे नाव मिळालंय आणि पट्टा तीन मणक्यांहून लांब आहे, त्यांनी औषध सुरू करायच्या आधी ही चाचणी झाली का ते विचाराच. विचारलं म्हणून कुणी रागावलं, तर रागावू दे.

झटके येऊ नयेत म्हणून आधी अझाथायोप्रिनवर होते, आता दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅब. पाच वर्षांत झटका नाही. काठी घेऊन चालते, शाळेत शिकवते. आणि हो, डोळ्याच्या वर्षभर आधी मलाही पंधरा दिवस उलट्या झाल्या होत्या. मला ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

चेतापेशी | मंगळवार, सकाळी ८:१५

मी न्यूरॉलॉजीत काम करतो. पेशंट न बघता निदान सांगणार नाही, पण प्रश्नाचं उत्तर ठामपणे देतो : आज राउंडच्या वेळी पहिलं वाक्य उचकीचंच सांगा.

कारण असं. मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेच्या मागच्या बाजूला, एरिया पोस्ट्रेमा नावाची इवलीशी जागा आहे. रक्तात काही विषारी आलं तर ते ओळखून उलटी घडवून आणणं हे तिचं काम. रक्तातलं जोखायचं म्हणून मेंदूला इतरत्र असते तशी रक्तापासूनची कडेकोट भिंत तिथे नाही. शिवाय ॲक्वापोरिन-४ हे प्रथिन तिथे भरपूर. एनएमओत शरीर याच प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. त्या अँटिबॉडीला आत शिरायला ही जागा सगळ्यात सोपी. मग पोट ठणठणीत असताना उलट्या आणि उचकी सुरू होते आणि दिवसेंदिवस चालते. काही आठवड्यांत ती स्वतःहून थांबते, म्हणूनच सगळे फसतात. पोटाच्या गोळीने गुण आला असं वाटतं.

२०१५ साली निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरले. त्यात मुख्य लक्षणं सहा. दृष्टीच्या नसेची सूज आणि मज्जारज्जूची सूज ही दोन आपल्याला माहीत असतात. तिसरं हेच, दुसऱ्या कशाने समजावता न येणारी उचकी किंवा मळमळ-उलट्या. बाकीची तीन मेंदूच्या इतर भागांची. अँटिबॉडी पॉझिटिव्ह असेल आणि बाकी आजार वगळले असतील, तर सहापैकी एक पुरतं. निगेटिव्ह आली तर किमान दोन लागतात आणि वर एमआरआयच्या जास्तीच्या अटी. रिपोर्ट उद्या निगेटिव्ह आला, तर तुमच्या जाऊबाईंची दिवाळी किती मोलाची ठरेल ते बघा.

पोटाच्या डॉक्टरांना दोष देणार नाही. त्यांच्या टेबलावर फक्त उचकी आली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फक्त डोळा आला. तिन्ही कागद एकत्र फक्त तुमच्या घरी आहेत.

बोरघाट | मंगळवार, सकाळी ९:३०

सगळ्यांनी एकदम घाबरवून सोडू नका. माझ्या साडूला असंच पायाला बधिरपण आलं होतं, मज्जारज्जूत डागसुद्धा दिसला होता. निघालं काय, तर बी-१२ ची कमतरता! इंजेक्शनं घेतली, तीन महिन्यांत चालायला लागला. आपल्याकडे शाकाहारी लोकांत हे किती कॉमन आहे. आधी साधं बघा, मग दुर्मिळ.

आणि स्टेरॉइड हे विष आहे. रिपोर्ट येईपर्यंत थांबवता येत असेल तर थांबवा.

वर्धेची_लेक | मंगळवार, सकाळी ९:४१

बोरघाट, पहिला परिच्छेद मान्य. दुसरा कृपया मागे घ्या. थांबून थांबून माझा हात गेला.

चेतापेशी | मंगळवार, दुपारी १:१०

बी-१२ चा मुद्दा अगदी योग्य आहे, त्याबद्दल बोरघाट यांचे आभार. मज्जारज्जूचा असा आजार दिसला की आम्ही बी-१२ बघतोच. शिवाय आपल्या देशात क्षयरोग विसरून चालत नाही, एचआयव्ही, सिफिलिस, सारकॉइड बघावं लागतं. ल्युपस आणि शोग्रेन हे दोन आजार एनएमओच्या सोबतीने येऊ शकतात, म्हणून तोंड-डोळे कोरडे पडतात का, सांधे दुखतात का हेही विचारतो. पण बी-१२ चं दुखणं सहसा आठवड्या-महिन्यांत हळूहळू चढतं. सकाळी पाय बधिर आणि रात्री लघवी बंद, ही त्याची चाल नाही. उचकी आणि डोळ्याचं दुखणंही त्यात नीट बसत नाही.

स्टेरॉइडबद्दल मात्र असहमत. एनएमओचा झटका हा आग लागल्यासारखा प्रकार आहे, रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन असं तीन ते पाच दिवस देतात. त्याने पुरेसा फरक पडत नसेल, तर प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला पातळ भाग यंत्राने काढून बदलणं) जितक्या लवकर कराल तितकं चांगलं. स्टेरॉइडचे त्रास खरे आहेत, साखर वाढते, जंतुसंसर्गाची भीती असते, क्षयाचा आजार आधी तपासून घ्यावा लागतो. पण गेलेला मज्जातंतू परत आणता येत नाही. आणि घरच्यांनी स्टेरॉइड परस्पर थांबवणं हे तर कधीच नको.

रक्तपेढी | मंगळवार, दुपारी २:२५

मी प्रयोगशाळेत आहे, चाचणीपुरतं लिहिते.

रक्त प्लाझ्मा एक्स्चेंजच्या आधी काढलेलं हवं. एक्स्चेंजमध्ये अँटिबॉडीच बाहेर काढतात, नंतरच्या नमुन्यात ती सापडली नाही तर नवल नाही. पाठीतल्या पाण्यापेक्षा रक्तातच ही चाचणी जास्त भरवशाची आहे, त्यामुळे "पाणी काढलं नाही तर रिपोर्ट चुकेल का" ही काळजी नको.

पद्धत विचारा. जिवंत किंवा स्थिर केलेल्या पेशींवर करतात ती सेल-बेस्ड पद्धत चांगली. एलायझा या दुसऱ्या पद्धतीने केलेली आणि आकडा काठावरचा आला, तर तेवढ्यावर आयुष्यभराचं औषध ठरवू नये, सेल-बेस्डने पुन्हा करून घ्यावी. उलट निगेटिव्ह आली आणि लक्षणं एवढी बोलकी असली, तर काही महिन्यांनी पुन्हा पाठवतात. आमच्याकडे लोक निगेटिव्ह कागद घेऊन पेढे वाटायच्या तयारीत येतात, तेव्हा पोटात कालवतं.

न्यूजर्सीकर | मंगळवार, संध्याकाळी ७:५०

रक्तपेढी यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. माझ्या मुलाची ॲक्वापोरिन-४ निगेटिव्ह आली होती. तेव्हा सात वर्षांचा होता. तापानंतर गुंगी, चालताना झोकांड्या, मग दोन्ही डोळ्यांना दिसेना. इथल्या डॉक्टरांनी लगेच दुसरी चाचणी पाठवली, मॉग नावाच्या प्रथिनाविरुद्धची. ती पॉझिटिव्ह निघाली. हा वेगळा आजार, त्याचे स्वतंत्र निकष २०२३ साली ठरले. लहान मुलांत जास्त, दोन्ही डोळे एकदम जाण्याची खोड जास्त, आणि सुधारणाही बरेचदा चांगली. काहींना आयुष्यात एकच झटका येतो.

माझ्या मुलाला दोन आले, दुसरा स्टेरॉइड घाईने उतरवल्यावर. आज बारा वर्षांचा आहे, गणितात बापाला ऐकत नाही. भारतातही दोन्ही चाचण्या एकत्र पाठवता येतात ना?

रक्तपेढी | मंगळवार, रात्री ८:०२

हो, एकाच नमुन्यावर दोन्ही होतात.

पाटीवरची_पेन्सिल | मंगळवार, रात्री ९:३५

थोडं अवांतर, पण धाग्याशी जोडलेलं. हा आजार १८९४ साली फ्रान्समधल्या लिऑं शहरात यूजीन देव्हिक आणि त्यांचा विद्यार्थी फेर्नां गो यांनी मांडला, म्हणून जुन्या पुस्तकांत त्याला देव्हिकचा आजार म्हणतात. पुढे जवळजवळ शंभर वर्षं तो एमएसचाच एक प्रकार समजला गेला. जपानी डॉक्टर मात्र सांगत होते की आमच्याकडचा 'डोळा आणि मणका' एमएस काही वेगळाच दिसतो. २००४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या व्हॅंडा लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या रक्तात एक खास अँटिबॉडी दाखवली, त्या अभ्यासात जपानी रुग्णही होते. २००५ साली कळलं की तिचा मारा ॲक्वापोरिन-४ वर आहे, म्हणजे पेशीत पाणी नेणाऱ्या नळावर.

पेशींना पाण्याचे असे नळ असतात हे शोधल्याबद्दल पीटर ॲग्री यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते २००३ साली. ॲग्रींना पहिला नळ सापडला तो तांबड्या रक्तपेशींवरच्या कामातून, मेंदूचा तिथे संबंधही नव्हता. आणि दोन वर्षांत तेच ज्ञान वर्धेच्या लेकीचा आजार ओळखायच्या कामी आलं. मला हे वाचताना फार भरून येतं.

चेतापेशी | मंगळवार, रात्री १०:१२

सुंदर लिहिलंत. एक भर घालतो. एमएसमध्ये मारा मज्जातंतूवरच्या आवरणावर असतो. एनएमओत तो ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशींवर असतो, आवरण त्यांच्या पाठोपाठ जातं. मूळच वेगळं, म्हणून एमएसची काही औषधं, इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब, इथे उलटतात. वर्धेच्या ताईंना जे भोगावं लागलं त्याचं कारण हेच.

आपल्या भागातलं सांगायचं, तर मंगळूरला डॉ. लेखा पंडित यांनी एमएस-एनएमओसारख्या आजारांची नोंदणी उभी केली, तिथे अँटिबॉडीवर बरंच काम झालंय.

शेवंती | बुधवार, दुपारी ४:०५

सगळ्यांचे किती आभार मानू. कालच सांगितलं. दीर राउंडच्या वेळी गप्प उभे होते, मीच म्हटलं, "डॉक्टर, दिवाळीत तिला एकोणीस दिवस उचकी होती." डॉक्टर दाराशी पोचले होते. परत फिरले, खुर्ची ओढून बसले. तारीख विचारली. उलटी जेवणानंतरच व्हायची की केव्हाही, पोटात दुखायचं का, दुर्बिणीच्या रिपोर्टमध्ये काय होतं. दिरांनी मोबाइलमध्ये तो रिपोर्ट शोधून दिला, त्यांचा हात थरथरत होता.

डॉक्टर म्हणाले, आता रिपोर्टची वाट बघत नाही. स्टेरॉइडचे चार दिवस होऊन पाय तसूभर हललेला नाही, प्लाझ्मा एक्स्चेंज सुरू करू. रक्त आधीच गेलंय हे विचारून घेतलं. आज पहिली फेरी झाली. मानेत नळी घातलीय. यंत्राला लटकलेल्या पिशवीत पिवळसर पाणी जमत जातं. ती बघून म्हणाली, "वहिनी, पातळ केलेल्या आमरसासारखं दिसतंय." एवढ्यातही हिला आमरस!

पाच फेऱ्या, दिवसाआड. अजून पाय नाही.

रानजाई | बुधवार, रात्री ९:२०

मी खूप दिवस इथे नुसती वाचते, आज लिहिते.

मला पाचव्या महिन्यात न थांबणाऱ्या उलट्या आणि उचकी झाली. गरोदरपणात उलट्या होतातच, असं सगळ्यांनीच म्हटलं. आईनेसुद्धा. बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात पाय बधिर झाले. सिझेरियनच्या वेळी कमरेत इंजेक्शन दिलं होतं, त्याचा परिणाम म्हणाले. मग म्हणाले बाळंतपणानंतर बायका हळव्या होतात, मनाचं आहे. मानसोपचाराची चिठ्ठी हातात दिली. ती चिठ्ठी घेऊन जिन्यात बसले ती मला उठताच येईना. मनाचं असतं तर लघवी अडली नसती, हे माझ्या नवऱ्याने तिथे ओरडून सांगितलं तेव्हा एमआरआय झाला.

लेक आता चार वर्षांची आहे. दुसरं मूल हवंय, भीती वाटते. डॉक्टर, जमतं का हो?

चेतापेशी | बुधवार, रात्री १०:४५

रानजाई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने या आजारात धोक्याचे असतात, झटका यायची शक्यता तेव्हा वाढते. म्हणून आधी आखणी करायची. आजार शांत हवा, औषध कुठलं चालू आहे ते बघायला हवं. मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे, ते आधीच बदलावं लागतं. अशी आखणी करून मुलं झालेल्या बायका आहेत. न्यूरॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना एकमेकांशी बोलायला लावा.

गोंयकार | गुरुवार, सकाळी ७:३०

सगळे ताई-वहिनींबद्दल लिहितायत म्हणून सांगतो, पुरुषांनाही होतं. अँटिबॉडी सापडलेल्यांत नऊ-दहा जणांत एखादाच पुरुष असतो म्हणतात, तो एक आमचे पप्पा. वय ५८, म्हापशाला दुकान. पक्षाघात समजून महिना गेला.

एक गोष्ट कुठे लिहिलेली नसते. पाय सुधारायला लागल्यावर त्यांना पिळ यायला लागले. हात-पाय अर्धा मिनिट करकचून वळायचे, घामाघूम व्हायचे, दिवसातून वीस-वीस वेळा. आम्हाला वाटलं फिट. पण शुद्ध पूर्ण असायची, रागाने आमच्याकडे बघत असायचे. कार्बामाझेपिनच्या छोट्या डोसने तीन दिवसांत थांबलं. शेवंतीबाई, असं झालं तर घाबरू नका, मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

तिठा | गुरुवार, सकाळी ८:१०

खर्चाचं कुणीच बोलत नाहीये. मिरजेतल्या मध्यमवर्गीय घराला हे झेपणारं आहे का?

वर्धेची_लेक | गुरुवार, सकाळी ९:००

बोलते. प्लाझ्मा एक्स्चेंज महाग आहे. नंतरचं रोजचं मात्र सगळंच महाग नाही. अझाथायोप्रिनच्या गोळ्या स्वस्त आहेत, फक्त त्यांचा परिणाम सुरू व्हायला काही महिने लागतात, तोवर स्टेरॉइडच्या गोळ्या सोबत चालतात, आणि रक्तपेशी नि लिव्हर तपासत राहावं लागतं. रिटुक्सिमॅबचे भारतीय कंपन्यांचे पर्याय आल्यापासून ते आवाक्यात आलंय. आधी हिपॅटायटिस बी आणि क्षयाची तपासणी करून घ्यायची. परदेशात २०१९-२० पासून एक्युलिझुमॅब, इनेबिलिझुमॅब, सॅट्रालिझुमॅब अशी खास या आजाराची औषधं आलीत, त्यांच्या किमती ऐकून मी फोन ठेवून दिला होता.

सरकारी योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, बिल झाल्यावर नाही.

आणि शेवंतीताई, मी एक कागद ठेवते. आडवा धरून रकाने पाडलेत : तारीख, काय झालं, किती दिवस, काय औषध दिलं, मागे काय उरलं. पहिल्या ओळीत मी नंतर लिहिलंय, "१५ दिवस उलट्या, औषध ॲसिडिटीचं, मागे काही नाही." नवीन डॉक्टर आले की आधी तो कागद पुढे करते, मग फाइल.

बोरघाट | गुरुवार, रात्री ९:४०

मी स्टेरॉइडबद्दल लिहिलेलं मागे घेतो. साडूचं उदाहरण डोक्यात होतं आणि शेवंतीताईंना धीर द्यायचा होता. पण धीर देताना चुकीचा सल्ला गेला. वर्धेच्या ताई, तुम्ही लगेच बोललात ते बरं झालं. मी मिरजेपासून तासाभरावर असतो. रक्तदाते, डबा, रात्री कुणी सोबत बसायला, काहीही लागलं तर निरोप पाठवा.

शेवंती | शुक्रवारच्या पुढचा बुधवार, रात्री ११:१५

रिपोर्ट सोमवारी आला. ॲक्वापोरिन-४ पॉझिटिव्ह, सेल-बेस्ड पद्धतीने. मॉग निगेटिव्ह. पाठीतल्या पाण्याच्या तपासणीत एमएसला बरेचदा सापडतात ते प्रथिनांचे पट्टे नाहीत. डॉक्टरांनी निदानाच्या कागदावर तिन्ही लिहिलंय, आणि पहिली तारीख घातलीय ती दिवाळीची. दिरांनी तो कागद तीनदा वाचला.

तिसऱ्या एक्स्चेंजनंतर डाव्या पायाचा अंगठा हलला. मी चादर नीट करत होते, मला वाटलं माझाच धक्का लागला. म्हटलं, परत कर. तिने डोळे मिटून, ओठ दाबून परत केला. काल चौथी फेरी झाली. आता दोन्ही गुडघे पलंगावर उचलते, उजवा थोडा कमी. लघवीची नळी अजून आहे. रिटुक्सिमॅबचं ठरतंय, तपासण्या गेल्यात. बोरघाटदादांनी दोन रात्री सोबत केली, त्यांच्या घरचं पिठलं धाकटीला फार आवडलं.

वर्धेच्या ताईंसारखा कागद केलाय. रकाने दिरांनी पट्टीने आखले.

आणखी एक सांगते. आज दुपारी भात खाताना तिला उचकी लागली. एक. मग दुसरी. खोलीत आम्ही चौघं होतो, कुणी हललं नाही. दिरांनी घड्याळाकडे बघितलं. ती घास तसाच हातात धरून आमच्याकडे बघत राहिली. तिसरी आलीच नाही. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, भाताची उचकी आहे हो, दिवसभर राहिली तर मात्र मला लगेच फोन करायचा.

आनंदी_आजी | गुरुवार, सकाळी ५:५०

त्या दोन उचक्या माझ्या गं. काल दुपारी तिचीच आठवण काढत बसले होते.